प्रयोगशाळेपर्यंत न पोहोचलेला पुरावा

गुन्ह्याच्या तपासाला वैज्ञानिक परीक्षणाची जोड देणाऱ्या ज्ञानशाखेला न्यायसहायक विज्ञान म्हणतात. बोटांचे ठसे, रक्त, विष, बंदुकीची गोळी आणि डीएनए यांच्या परीक्षणातून या शाखेने गेल्या शतकभरात जी विश्वासार्हता कमावली, तिच्यामुळे पुरावा एकदा हाती लागला की सत्य उघड होणारच, असा समज सर्वत्र रुजला आहे. प्रत्यक्षात मात्र घटनास्थळ आणि न्यायालय यांच्यामध्ये अनेक निर्णयांची साखळी असते. कोणत्या वस्तू जप्त करायच्या, मुद्देमालात जमा झालेल्या वस्तूंपैकी कोणत्या परीक्षणासाठी पाठवायच्या, अहवाल आल्यावर तपास पुढे न्यायचा की थांबवायचा, हे सारे निर्णय प्रामुख्याने पोलीस घेतात, आणि प्रयोगशाळेतील यंत्रे कितीही अचूक असली तरी त्यांच्यापर्यंत न पोहोचलेल्या पुराव्याविषयी ती काहीच सांगू शकत नाहीत. पोलिसांचे हे निर्णय कसे होतात, कशामुळे चुकतात आणि कोणत्या नियमांनी सुधारता येतात, हा गुन्हेगारी न्यायव्यवस्थेच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा विषय आहे. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ रेबेका कॅम्पबेल यांनी डेट्रॉइट शहरात केलेले संशोधन हे या अभ्यासाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणता येईल.

या विषयाची पहिली मोठी चाचपणी १९७५ मध्ये झाली. रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत पीटर ग्रीनवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी पोलिसांच्या तपासपद्धतीचा विस्तृत अभ्यास केला, तेव्हा बहुतेक पोलीस दले घटनास्थळावरून जितका भौतिक पुरावा गोळा करतात, तितका तपासून घेण्याची व्यवस्था त्यांच्याकडे नसते, असा निष्कर्ष पुढे आला. पुढे डीएनए परीक्षणामुळे विज्ञानाची क्षमता कैक पटींनी वाढली, तरी ही दरी बुजली नाही. केविन स्ट्रॉम आणि मॅथ्यू हिकमन यांनी दोन हजारांहून अधिक पोलीस दलांची पाहणी करून २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पाहणीच्या काळातील उलगडा न झालेल्या खुनांपैकी १४ टक्के आणि बलात्कारांपैकी १८ टक्के प्रकरणांत न्यायसहायक पुरावा उपलब्ध असूनही तो प्रयोगशाळेकडे गेलेला नव्हता. पुरावा न पाठवण्याचे कारण विचारले असता ४४ टक्के दलांनी ‘संशयिताची ओळख पटलेली नाही’ असे उत्तर दिले, आणि ४३ टक्के दलांकडे पुराव्याचा माग ठेवणारी संगणकीय नोंदव्यवस्थाच नव्हती.

यातील पहिले उत्तर विशेष लक्ष देण्याजोगे आहे. डीएनए परीक्षणाचे सामर्थ्यच मुळी अनोळखी संशयिताचा शोध लावण्यात आहे. अमेरिकेत १९९८ पासून ‘कोडिस’ ही राष्ट्रीय डीएनए माहितीप्रणाली चालते, तिच्यात दोषी ठरलेल्या व्यक्तींचे आणि घटनास्थळांवर मिळालेले डीएनए आलेख साठवलेले असतात, आणि नव्याने नोंदवलेला आलेख जुन्या आलेखाशी जुळला तर संशयिताचे नाव मिळते किंवा दोन वेगळ्या गुन्ह्यांमागे एकच व्यक्ती असल्याचे कळते. तरीही अनेक तपास अधिकाऱ्यांच्या मनात विज्ञानाची भूमिका जुनीच राहिली होती: संशयित आधी पकडायचा आणि मग त्याच्याविरुद्धची बाजू भक्कम करण्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल मागवायचा. तंत्रज्ञान बदलले तरी ते वापरणाऱ्यांची तपासाची कल्पना बदलली नाही, तर नव्या साधनाचा उपयोग जुन्याच चौकटीत होत राहतो, हे त्या पाहणीने आकड्यांत दाखवून दिले.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत ही दरी सर्वाधिक वेदनादायक ठरते, कारण तेथे पुरावा एखाद्या निर्जीव वस्तूवरून नव्हे, तर पीडित व्यक्तीच्या शरीरावरून घेतला जातो. यासाठी वापरल्या जाणाऱ्या पुरावा-संचाची कल्पना १९७० च्या दशकात शिकागोमध्ये पुढे आली. मार्था गोडार्ड या कार्यकर्तीने रुग्णालये आणि पोलीस यांच्यातील गोंधळ पाहून एकसारख्या पद्धतीचा आग्रह धरला, शहर पोलिसांच्या प्रयोगशाळेतील सार्जंट लुई व्हिटुलो यांच्या सहभागातून संच आकाराला आला, आणि १९७८ मध्ये शिकागो परिसरातील रुग्णालयांत तो वापरात आला. कापसाचे बोळे, काचपट्ट्या, कंगवा, लिफाफे आणि नोंदीचे तक्ते असे साहित्य असलेली ही साधी पेटी असते, परंतु ती भरण्यासाठी पीडितेला काही तास चालणाऱ्या अतिशय खासगी तपासणीला सामोरे जावे लागते. आपण हे सहन केले तर त्याचा तपासाला उपयोग होईल, या विश्वासावरच ती त्याला संमती देते, आणि म्हणून पेटी न उघडता ठेवून देणे म्हणजे प्रशासकीय दिरंगाईइतकाच त्या विश्वासाचा भंग असतो.

डेट्रॉइटमध्ये हा भंग किती मोठ्या प्रमाणावर झाला होता, ते ऑगस्ट २००९ मध्ये समोर आले. त्याच्या आदल्या वर्षी, २००८ मध्ये, शहर पोलिसांची न्यायसहायक प्रयोगशाळा बंद करावी लागली होती, कारण बंदुकांच्या परीक्षणात सुमारे दहा टक्के प्रकरणांत चुका असल्याचे मिशिगन राज्य पोलिसांच्या लेखापरीक्षणात आढळले होते. त्यानंतर पोलिसांच्या एका गोदामाची पाहणी करताना सरकारी वकिलांच्या कार्यालयातील अधिकाऱ्याला न तपासलेल्या पेट्यांनी भरलेली कपाटे दिसली. शहर ज्या वेन काउंटीत येते तेथील मुख्य सरकारी वकील किम वर्दी यांनी हा प्रश्न लावून धरला आणि मोजणी झाल्यावर पोलिसांच्या ताब्यातील पेट्यांची संख्या सुमारे ११,००० असल्याचे उघड झाले. त्यांतील काही पेट्या १९८० च्या दशकातील होत्या, म्हणजे त्या ठेवल्या गेल्यापासून पोलीस प्रमुख बदलले, महापौर बदलले, विज्ञान कुठल्या कुठे गेले, परंतु मुद्देमालातील वस्तू जागच्या हलल्या नाहीत.

अमेरिकी न्याय विभागाच्या राष्ट्रीय न्याय संस्थेने २०११ मध्ये डेट्रॉइट आणि ह्यूस्टन या दोन शहरांना या प्रश्नाच्या अभ्यासासाठी निधी दिला, आणि डेट्रॉइटच्या प्रकल्पाचे संशोधन कॅम्पबेल यांच्याकडे आले. त्याआधी अनेक वर्षे त्या बलात्कारपीडितांना रुग्णालयात आणि पोलीस ठाण्यात मिळणाऱ्या वागणुकीचा अभ्यास करत होत्या. अत्याचारानंतर मदतीसाठी गेलेल्या व्यक्तीला अविश्वासाने, दोषारोपाने किंवा उदासीनतेने वागवले तर तिला पुन्हा एकदा आघात सोसावा लागतो, या ‘दुय्यम पीडन’ म्हटल्या जाणाऱ्या अनुभवाविषयीचे त्यांचे काम परिचित होते, आणि अशा तपासणीसाठी खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांच्या सेवेचा तपासावर काय परिणाम होतो, हेही त्यांनी अभ्यासले होते. म्हणूनच गोदामातील पेट्यांकडे त्यांनी केवळ थकलेल्या कामाचा ढीग म्हणून पाहिले नाही. प्रत्येक पेटीमागे एक तक्रार होती आणि प्रत्येक तक्रारीवर कोणीतरी निर्णय घेतलेला होता, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र होते.

या प्रकल्पाने वापरलेल्या पद्धतीला कृतिसंशोधन म्हणतात. नेहमीच्या संशोधनात अभ्यासक व्यवस्थेचे बाहेरून निरीक्षण करून शेवटी अहवाल देतो, तर कृतिसंशोधनात तो व्यवस्थेतील लोकांबरोबर बसतो, प्रश्न त्यांच्यासह ठरवतो, मिळालेली माहिती त्यांच्यापुढे ठेवतो, तिच्या आधारे झालेल्या बदलांची पुन्हा तपासणी करतो. पोलीस, सरकारी वकील, राज्याची प्रयोगशाळा, रुग्णालयातील परिचारिका आणि पीडितांना आधार देणाऱ्या संस्था हे सारे एरवी परस्परांना दोष देणारे घटक येथे एका गटात आले. संशोधकांनी त्यांच्या बैठकांचे निरीक्षण केले, मुलाखती घेतल्या, जुन्या कागदपत्रांचा आणि पोलिसांच्या गुन्हेनोंदींचा अभ्यास केला, आणि पेट्या कोणत्या वर्षांतील आहेत व त्यांचे पुढे काय झाले, याची तपशीलवार गणना केली. अशा संस्थांमध्ये शिरकाव मिळवणे अवघड असते, कारण संशोधनातून जे उजेडात येणार ते त्यांच्याच उणिवांविषयी असते, तरीही वर्षानुवर्षे एकत्र काम केल्यामुळे प्रत्येक घटकाला आपली बाजू मांडता आली आणि दुसऱ्याची ऐकावी लागली.

इतक्या पेट्या का साठल्या, या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर पैशांची टंचाई हे होते आणि ते खोटे नव्हते. डेट्रॉइटची लोकसंख्या आणि महसूल अनेक दशके घटत होता, २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली, लैंगिक गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या विभागात माणसे अपुरी होती, प्रयोगशाळेची क्षमता तुटपुंजी होती आणि वरिष्ठ अधिकारी वरचेवर बदलत असल्यामुळे कोणतीही सुधारणा टिकत नव्हती. कोणती पेटी पाठवायची याचा स्पष्ट लेखी नियम नव्हता, त्यामुळे निर्णय एकेका अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपवलेला होता. परंतु केवळ टंचाईचे कारण पुरे नव्हते, कारण साधने अपुरी असताना कोणाचे काम आधी करायचे आणि कोणाचे मागे ठेवायचे, हे ठरवावेच लागते, आणि ते ठरवताना जी मोजपट्टी वापरली जाते ती पैशांच्या हिशेबात दिसत नाही.

ती मोजपट्टी पोलिसांच्या स्वतःच्या नोंदींत सापडली. जेसिका शॉ, कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेट्रॉइटमधील २४८ प्रकरणांच्या नोंदी बारकाईने वाचल्या आणि त्यांत पीडितेविषयीची पूर्वग्रहदूषित विधाने तीन प्रकारची असल्याचे दाखवले. पहिल्या प्रकारात घटनेची परिस्थितीच खऱ्या बलात्कारासारखी नाही असे सुचवलेले असे, जसे की तिने प्रतिकार केला नाही किंवा तिला पुरेशी इजा झालेली नाही. दुसऱ्या प्रकारात तिच्या चारित्र्यावर बोट ठेवलेले असे, आणि अल्पवयीन मुली, व्यसनाधीन स्त्रिया व देहविक्रयाशी संबंध जोडला गेलेल्या स्त्रिया यांच्याविषयीचा अविश्वास विशेष ठळक होता. तिसऱ्या प्रकारात तपास थांबल्याचा दोष तिच्या असहकारावर टाकलेला असे, मग पोलिसांनी तिच्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न कितीही अपुरा असो. ही विधाने तपास न करण्याचे समर्थन म्हणून नोंदीत येत होती. अमुक तक्रार खोटी असावी असे अधिकाऱ्याने आधीच मानले की पेटी पाठवणे त्याला वायफळ वाटे, आणि पेटी न गेल्यामुळे त्याचा समज चुकीचा ठरवू शकणारा एकमेव निःपक्षपाती पुरावा बंदच राही. पूर्वग्रह स्वतःला तपासातून असा सोडवून घेतो, हे या संशोधनाने उघड केलेले सर्वांत गंभीर सत्य आहे.

पेट्या तपासायच्या ठरल्यावरही एक धोरणात्मक पेच उरला. एका पेटीच्या परीक्षणाला साधारण १,००० ते १,५०० डॉलर खर्च येत असताना सर्व पेट्या तपासाव्यात, की ज्यांतून काही निष्पन्न होण्याची शक्यता अधिक त्याच निवडाव्यात? अनेकांचे म्हणणे असे होते की आरोपी ओळखीचा असेल तर तो कोण हे माहीतच असते, तेव्हा डीएनए परीक्षणातून नवे काही कळणार नाही, आणि खटल्याची कालमर्यादा उलटून गेलेली असेल तर परीक्षण निरर्थक आहे. आरोपी अनोळखी असेल तर संशयित नाही म्हणून पेटी पाठवायची नाही, आणि तो ओळखीचा असेल तर नाव माहीत आहे म्हणून पाठवायची नाही, अशी ही दोन कारणे शेजारी ठेवली की त्यांच्यातून एकही प्रकरण सुटत नाही, हे ध्यानात येते. कॅम्पबेल यांच्या गटाने हा वाद मतांवर न सोडता त्याची चाचणी घेतली. अनोळखी आरोपींची, ओळखीच्या आरोपींची आणि कालमर्यादा संपलेली प्रकरणे असे तीन गट, आणि परीक्षणाच्या नव्या पद्धतीची तुलना करण्यासाठी चौथा गट करून एकूण १,५९५ पेट्या तपासण्यात आल्या.

या परीक्षणातून ७८५ डीएनए आलेख कोडिसमध्ये नोंदवण्याजोगे निघाले, ४५५ आलेख प्रणालीतील आधीच्या नोंदींशी जुळले, आणि त्यांपैकी १२७ जुळण्यांचा संबंध एकापेक्षा अधिक लैंगिक हल्ल्यांशी असल्याचे दिसले. ओळखीच्या आरोपींच्या आणि कालमर्यादा संपलेल्या प्रकरणांतूनही जुळण्या मोठ्या संख्येने मिळाल्या, आणि त्यांतील काहींनी इतर हल्ल्यांचा माग दिला. एका स्त्रीच्या ओळखीचा असलेला पुरुष दुसऱ्या स्त्रीला पूर्णपणे अनोळखी असू शकतो, म्हणून पहिल्या प्रकरणातील पेटी तपासली तर दुसऱ्या प्रकरणातील अज्ञात आरोपीचे नाव मिळू शकते. त्याचप्रमाणे ज्या प्रकरणावर आता खटला चालवता येत नाही, त्यातील आलेखही त्याच व्यक्तीच्या नंतरच्या गुन्ह्याचा उलगडा करू शकतो. तक्रारीकडे सुटी घटना म्हणून पाहणाऱ्या तपास अधिकाऱ्याला हा संबंध दिसणे शक्य नसते, तो सर्व नोंदी एकत्र आल्यावरच दिसतो. आरोपी ओळखीचा की अनोळखी, यावरून पेट्यांची निवड करण्याला त्यामुळे आधार उरला नाही.

परीक्षणानंतर पीडितांना कळवायचे कसे, हा प्रश्न तितकाच नाजूक होता. दहा-वीस वर्षांपूर्वीच्या आघातातून कशीबशी सावरलेल्या स्त्रीच्या दारात एके दिवशी अचानक पोलीस उभे राहावेत, हेही क्रौर्यच ठरले असते, आणि काहीच न कळवणे हा दुसरा अन्याय झाला असता. डेट्रॉइटच्या गटाने यासाठी कार्यपद्धती तयार केली, तिच्यात प्रशिक्षित तपास अधिकाऱ्याने प्रत्यक्ष भेटून माहिती द्यावी, आधार देणाऱ्या कार्यकर्तीची मदत उपलब्ध असावी, आणि पुढे सहभागी व्हायचे की नाही हे ठरवण्यासाठी पीडितेला वेळ द्यावा, असे ठरले. माहिती मिळाल्यावर बहुसंख्य पीडित कोलमडून पडतील किंवा संतापाने दार लावून घेतील, ही भीती प्रत्यक्षात फारशी खरी ठरली नाही, उलट निम्म्याहून अधिक जणींनी तपासात पुन्हा सहभागी होण्याची तयारी दाखवली. पूर्वी ज्यांच्यावर असहकाराचा शिक्का बसला होता, त्यांना नीट विचारले तर त्या उत्तर देतात, हे यातून दिसले.

संशोधनाचे पडसाद धोरणात उमटले. मिशिगनने २०१४ मध्ये पुरावा-संच पाठवण्याविषयीचा कायदा केला आणि त्यात प्रत्येक टप्प्याला मुदत घातली: पीडितेच्या संमतीनंतर रुग्णालयाने २४ तासांत पोलिसांना कळवावे, पोलिसांनी १४ दिवसांत पेटी ताब्यात घ्यावी, पुढील १४ दिवसांत ती प्रयोगशाळेकडे पाठवावी, आणि पुरेसे मनुष्यबळ व साधने असतील तर प्रयोगशाळेने ९० दिवसांत परीक्षण करावे. न्याय विभागाने २०१५ मध्ये देशभरातील साठलेल्या पेट्यांसाठी स्वतंत्र अनुदान योजना सुरू केली. ह्यूस्टनने ६,६०० हून अधिक पेट्या तपासून घेतल्या, आणि क्लीव्हलँड परिसरातील सुमारे ५,००० पेट्यांच्या अभ्यासातून रेचल लव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारंवार अत्याचार करणाऱ्यांचे प्रमाण समजले जाते त्याहून बरेच अधिक असल्याचे दाखवले. अधिकाऱ्याच्या मर्जीची जागा लेखी नियमाने आणि मुदतीने घ्यावी, हा या सर्व सुधारणांचा गाभा होता.

या यशाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हव्यात. वेन काउंटीत या पेट्यांमुळे पुढे दोनशेहून अधिक दोषसिद्धी झाल्या, परंतु ११,००० पेट्यांच्या तुलनेत ही संख्या लहान आहे. काही प्रकरणांत साक्षीदार हयात नव्हते, काहींत कालमर्यादा उलटली होती, काहींत कागदपत्रे हरवली होती, आणि डीएनए जुळला तरी संमती होती की नाही हा प्रश्न विज्ञान सोडवू शकत नाही, त्यासाठी जबाब, परिस्थितिजन्य पुरावा आणि चिकाटीचा तपास लागतो. नियमाने पेटी पाठवणे बंधनकारक केले तरी अहवाल हाती आल्यावर संशयिताकडे जायचे की नस्ती पुन्हा कपाटात ठेवायची, हा निर्णय उरतोच. एका टप्प्यावरची मर्जी काढून घेतली की ती पुढच्या टप्प्यावर सरकू शकते, आणि तपासलेल्या पेट्यांचा आकडा वाढला म्हणजे न्याय झाला, असे मानणे ही नवी फसगत ठरेल.

भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ (३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे अपेक्षित आहे आणि ही तरतूद अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. बलात्कारपीडितेच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल डॉक्टरांनी सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे पाठवावा, असे त्याच संहितेचे कलम १८४ सांगते. या तरतुदी पुरावा गोळा होण्याच्या टप्प्याला बळ देणाऱ्या आहेत. महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यांत आणि न्यायालयांत ज्याला ‘सी. ए. रिपोर्ट’ म्हणून ओळखले जाते, त्या रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाचे महत्त्व येत्या काळात वाढतच जाणार असल्याने, मुद्देमाल किती दिवसांत पाठवला, अहवाल किती दिवसांत आला आणि त्यावर काय कारवाई झाली, याची प्रकरणनिहाय नोंद ठेवण्याचा धडा येथेही उपयोगी पडणारा आहे.

कॅम्पबेल यांच्या कामाचे मोल म्हणूनच एका शहरातील गोदाम रिकामे होण्यापुरते नाही. न्यायसहायक विज्ञानावर होणारी चर्चा बहुधा यंत्रे, तंत्रे आणि अचूकता यांभोवती फिरते, तर या संशोधनाने तक्रारदारावर विश्वास ठेवायचा की नाही, हा निर्णय त्या विज्ञानाच्या आधी येतो आणि अनेकदा तोच त्याचे फलित ठरवतो, हे पुराव्यानिशी सिद्ध केले. प्रयोगशाळा उभारणे, तज्ज्ञ नेमणे आणि निधी देणे आवश्यक आहेच, परंतु पोलिसांचा प्रत्येक निर्णय कारणासह नोंदला गेला, त्या नोंदी बाहेरच्या अभ्यासकांना तपासता आल्या आणि पीडितेला आपल्या पुराव्याचे काय झाले हे विचारण्याचा व उत्तर मिळण्याचा हक्क असला, तरच या गुंतवणुकीचे न्यायात रूपांतर होईल.